मासे सरकले, सातबारा मात्र जुनाच

आमच्याकडे आठवडे बाजारात सुकी मच्छीवाल्या मावशीचं दुकान शोधायला पाटी लागत नाही, नाकच नेऊन पोचवतं. जमिनीवर गोणपाटं पसरलेली, एकावर बोंबील, एकावर जवळा, एकावर सोडे. मी नेहमीसारखा बोंबलाच्या ढिगात हात घातला, दोन उचलले, वाकवून पाहिले (नीट सुकलेला बोंबील कडकन मोडतो, ओल धरलेला चिवट वाकतो, एवढी परीक्षा आजीने शिकवली होती) आणि भाव विचारला. भाव ऐकून हात आपोआप मागे आला. मावशी म्हणे, "भाऊ, समुदरमा मासाच नही ऱ्हायनात, तं मी काय करू?"

शेजारी नाना उभे होते, ते लगेच म्हणाले, "समुद्र काय आपली गिरणा आहे का आटायला!"

सगळे हसले, मीपण हसलो, पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. दरवर्षी १ जूनच्या आसपास पेपरात मासेमारी बंदी सुरू झाल्याची चार ओळींची बातमी येते, कधी 'तारली गायब' येते, कधी 'अरबी समुद्र तापला' येते, आणि आपण खान्देशातले लोक ते पान उलटून सरळ केळीच्या भावाकडे जातो. मग थोडं वाचलं, कोकणात नोकरीला असलेल्या मावसभावाचं फोनवर डोकं खाल्लं, आणि जे समजलं ते इथे लिहितोय. मला कळलेली मेन गोष्ट अशी की समुद्रातल्या मासेमारीचे जेवढे नियम आहेत ते सगळे 'समुद्र काल होता तसाच उद्या राहणार' असं धरून बनवलेत, आणि नेमकं तेच आता खरं राहिलेलं नाही.

आधी विहिरीचं गणित

मासेमारीचं मॅनेजमेंट म्हणजे काय ते समजायला समुद्रावर जायची गरज नाही, शेतातली विहीर बस झाली. रात्रभर झिरपून जेवढं पाणी चढतं तेवढंच दिवसा मोटारीने ओढलं तर विहीर पिढ्यानपिढ्या पुरते. त्याहून जास्त ओढलं की एक दिवस मोटार पाण्याऐवजी हवा ओढायला लागते आणि मग बोअर मारा, अजून खोल मारा, हे चक्र आपल्याकडे यावल-रावेर पट्ट्यात कुणाला सांगायला नको.

माशांचंही तसंच. दरवर्षी पिल्लं होतात, काही मोठ्या माशांच्या पोटात जातात, बाकीची मोठी होतात, म्हणजे साठ्यात दरवर्षी नवी भर पडते. ती भर जेवढी, तेवढाच मासा काढला तर साठा टिकतो. शास्त्रज्ञ याला 'कमाल शाश्वत उत्पादन' म्हणतात, मी इथून पुढे त्याला सरळ झिरपा म्हणणार आहे. आज जगात ज्या ज्या माशांच्या साठ्याचा हिशोब ठेवला जातो त्यातल्या साधारण एक तृतीयांश साठ्यांतून झिरप्यापेक्षा जास्त ओढलं जातंय, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना सांगते. म्हणजे हवामान मध्ये येण्याच्या आधीच तिसरी-चौथी मोटार बसलेली होती.

आता हा झिरपा मोजायचा कसा? विहिरीत दोर सोडून कळतं, समुद्रात दोर कुठे सोडणार. मग बंदरावर किती मासा उतरला, केवढा उतरला, किती बोटी किती दिवस फिरल्या, यावरून अंदाज बांधतात. आपल्याकडे हे काम कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते, तिला सगळे सीएमएफआरआय म्हणतात, १९४७ पासूनची संस्था आहे. अंदाज मागच्या वर्षांच्या आकड्यांवर बांधलेला असतो. हा 'मागच्या वर्षांच्या' शब्द लक्षात ठेवा, सगळा घोळ तिथेच आहे.

कुठे, कधी, किती

नियम म्हटले की शेकडो आहेत पण पिळून काढले तर तीनच गोष्टी उरतात, कुठे पकडायचा, कधी पकडायचा आणि किती (किंवा केवढा) पकडायचा.

कुठे, तर किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याच्या ताब्यात, महाराष्ट्राचा त्यासाठी १९८१ चा कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. तिथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचं. त्याच्या पलीकडे खुला समुद्र. कधी, तर पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, कारण समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा अंडी घालायचा काळ असतो. केवढा, तर महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी आकार ठरवून दिला, पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडायचं नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही दिला, आता मान मिळाल्यावर ते ताटात किती दिसेल ते वेगळं.

'किती' ला आपल्याकडे फारसं बंधन नाही. अमेरिका, युरोप, पेरू अशा देशांत कोटा असतो, म्हणजे या हंगामात अमुक मासा इतके टनच काढायचा, भरला की बोटी बंद. आपल्याकडे दार किती दिवस उघडं ठेवायचं ते ठरतं, दारातून किती पोती बाहेर गेली ते कुणी अडवत नाही.

आणि या तिन्हीचा पाया एकच, मासा दरवर्षी तिथेच असतो, तेव्हाच अंडी घालतो, तेवढाच वाढतो.

एक अंशाने काय होतंय?

हा प्रश्न भुसावळचा माणूस विचारणारच. आम्ही मे महिन्यात ४५ अंशात लग्नाची वरात काढतो आणि तुम्ही एका अंशाचं काय घेऊन बसलात.

तर असं आहे, आपण घाम गाळून अंग गार ठेवतो, माशाला ती सोय नाही, जेवढं पाणी गरम तेवढं त्याचं अंग गरम. आता तुमच्या अंगाचं तापमान ३७ वरून ३८ झालं तर तुम्ही कामावर जाता का, ताप आलाय म्हणून गोधडी घेऊन पडता. माशाला पाण्याचा एक अंश असा पोचतो. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर अडकून राहिली तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने गिळली आहे, आणि आपल्या बाजूचा उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात वरच्या थरात साधारण १ अंशाने तापला.

तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाला तापात ऑक्सिजन जास्त लागतो, दोन्ही बाजूंनी मार. त्यात अरबी समुद्राच्या मधल्या खोलीवर कमी ऑक्सिजनचा जो पट्टा आहे तो जगातल्या सगळ्यात मोठ्या पट्ट्यांपैकी एक, म्हणजे इथे आधीच खिडक्या कमी होत्या.

दुसरी भानगड सायीची. दूध तापवून ठेवलं की वर साय धरते ना, तसं समुद्रावर गरम हलक्या पाण्याचा थर बसतो आणि खालचं गार पाणी वर यायला अडतं. खत सगळं त्या खालच्या पाण्यात असतं. ते वर आलं नाही तर वनस्पती प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी डोळ्यांना न दिसणारी वनस्पती, कमी उगवते. ते समुद्राचं गवत समजा, छोटा मासा ते खातो, मोठा छोट्याला खातो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत हे गवत काही भागांत २० टक्क्यांपर्यंत कमी झालंय. गवत घटलं तर गुरं घटणार, याला संशोधन लागत नाही, पण आकडा लागतो.

मग मासा करतो काय? जमलं तर थंड पाण्याकडे सरकतो, नाहीतर खोल जातो, नाहीतर आहे तिथेच राहून लवकर वयात येतो आणि लहानच राहतो. आपला बांगडा पूर्वीपेक्षा उत्तरेकडे जास्त मिळायला लागला आणि पूर्वी वरच्या थरात सापडायचा तो तळाशी ओढणाऱ्या जाळ्यात येऊ लागला, हे सीएमएफआरआयच्या नोंदींत दिसलंय. तारलीचंही तसंच, मलबारचा मासा, तो वर सरकत आपल्या बाजूला आला. पण नकाशा काढून बघा, अटलांटिकमधला मासा उत्तरेला सरकत पार ध्रुवापर्यंत जाऊ शकतो, अरबी समुद्राला मात्र वरून झाकण आहे, गुजरात, पाकिस्तान, इराण. उत्तरेला सरकून सरकून मासा जमिनीला धडकणार, पुढे रस्ता संपला.

शंभर मालगाड्या, मग एक

तारली म्हणजे केरळचा रोजचा मासा, तिकडे तिला मत्ती म्हणतात, गरिबाघरचं कालवण. २०१२ मध्ये एकट्या केरळच्या किनाऱ्यावर सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. २०२१ मध्ये उतरली ३,२९७ टन.

टनाटनात काही कळत नाही म्हणून आपल्या मापात सांगतो. दीपनगरला कोळसा घेऊन येणारी मालगाडी असते ना, फाटकावर उभं राहून डबे मोजायचा कंटाळा येतो ती, एका गाडीत साधारण साडेतीन-चार हजार टन माल असतो. म्हणजे २०१२ ला अशा शंभर गाड्या भरून तारली आली, २०२१ ला एकच आली आणि तीपण शेवटचे डबे रिकामे असलेली.

शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की दोन गोष्टी एकत्र आल्या. २०१५ च्या एल निनोने, म्हणजे प्रशांत महासागर तापून इकडचं सगळं वेळापत्रक बिघडवणाऱ्या त्या प्रकाराने, तारलीचं अंडी घालणं आणि वाढणं बिघडवलं, आणि त्याच वेळी बोटी पिल्लंसुद्धा उचलत राहिल्या. झिरपा कमी झाला आणि मोटार तशीच चालू राहिली.

आणि हो, नंतर तारली परतसुद्धा आली, २०२३ मध्ये केरळात पुन्हा लाखाच्या वर टन उतरली. हे मुद्दाम सांगतोय कारण कुणीतरी म्हणणारच की बघा, आली ना परत, उगाच बोंब मारता. पण ज्याने २०१४ ला कर्ज काढून बोट घेतली त्याला २०२३ पर्यंत हप्ते थांबत नाहीत. आपल्याकडे एक वर्ष कापसाला भाव मिळतो म्हणून मधली कोरडी वर्षं झाली नाहीत असं थोडीच आहे. मॅनेजमेंट करणाऱ्याला चढउताराची भीती नसते, तो पूर्वीही होता, पण आता चढ कधी आणि उतार कधी हे जुन्या वहीत बघून सांगता येत नाही.

मासा बांध ओलांडून गेला तर कुणाचा?

शेजारच्याची म्हैस आपल्या शेतात शिरली तर म्हैस त्याचीच राहते. माशाच्या कानात बिल्ला नसतो.

बांगड्याचाच एक भाऊ, मॅकरेल, ईशान्य अटलांटिकमध्ये असतो, युरोपियन युनियन, नॉर्वे आणि फॅरो बेटं आपसात त्याची वाटणी करून खायचे. पाणी तापलं तसा हा मासा वायव्येला आइसलँडच्या पाण्यात मोठ्या संख्येने जाऊ लागला. आइसलँडवाले २००६ मध्ये जेमतेम ४ हजार टन पकडायचे, २००८ मध्ये लाखाच्या वर गेले, २०१० ला त्यांनी स्वतःच स्वतःला १.३ लाख टनांचा कोटा देऊन टाकला. बाकीचे म्हणाले हा आमचा मासा आहे, आइसलँड म्हणालं आमच्या शेतात चरतोय, आमचं गवत खातोय, मग आमचा का नाही? दोघांचंही ऐकलं तर दोघंही बरोबर वाटतात, हीच खरी पंचाईत. प्रत्येकाने आपापला हिस्सा धरला, सगळ्यांची बेरीज केली की ती शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या आकड्याच्या वर जायची, आणि शेवटी २०१९ मध्ये या माशावरचा 'टिकाऊ पद्धतीने पकडलेला' हा आंतरराष्ट्रीय शिक्का निलंबित झाला. भांडणारे सगळे श्रीमंत, शिकलेले देश, सगळ्यांकडे बोटी, शास्त्रज्ञ, सॅटेलाइट. भाऊबंदकीला त्याचा काही उपयोग नाही.

याच्या उलट एक जमलेलं उदाहरण प्रशांत महासागरातलं आहे. तिथल्या नाउरू करारातल्या आठ छोट्या बेटांच्या देशांकडे ट्यूना मासा आहे पण तो एल निनोच्या वर्षी पूर्वेला सरकतो, एरवी पश्चिमेला असतो. त्यांनी टन वाटलेच नाहीत, दिवस वाटले, म्हणजे परदेशी बोटींना आमच्या पाण्यात मासेमारीचे इतके दिवस विकायचे, आणि हे दिवस देशादेशांत एकमेकांना देता-घेता येतात. या वर्षी मासा तुझ्याकडे आहे, माझे दिवस तू वापर, पैसे मला दे. सामाईक विहिरीवर आपण नाही का करत, तुझी उद्याची पाळी मला दे, परवाची माझी तू घे. फक्त आपल्याकडे त्यात रात्रीची लाईट कधी जाईल हा एक मुद्दा जास्त असतो.

कोटा पाळला तरी विहीर आटली

मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट अमेरिकेतल्या मेनच्या आखाताची वाटली. तिथे कॉड नावाचा मासा, थंड पाण्यातला. २००४ ते २०१३ या काळात हे आखात जगातल्या ९९ टक्के समुद्रापेक्षा जोरात तापलं. तिथल्या सरकारने कोटा ठरवला होता, मच्छीमारांनी तो पाळला, वर तो कोटा पुढे कमी केला तोही पाळला. तरी कॉड सावरला नाही.

का, तर कोटा काढताना जे गणित मांडलं त्यात पाण्याच्या तापमानाचा कॉलमच नव्हता. गरम पाण्यात पिल्लं कमी जगत होती, मोठे मासेही जास्त मरत होते, आणि कागद म्हणत होता की एवढा मासा काढायला हरकत नाही. म्हणजे कुणी चोरी केली नाही, नियम मोडला नाही, आणि तरीही झिरप्यापेक्षा जास्त ओढलं गेलं. गिरणा धरण भरलंय असं धरून आवर्तनाचं वेळापत्रक छापून टाकायचं आणि प्रत्यक्षात धरण निम्मंच असायचं, मग शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याने पाणीचोरी केली नाही म्हणून त्याला पाणी मिळतं का?

"काही हवामान-बिवामान नाही, ट्रॉलरवाल्यांनी खाल्लं सगळं"

हे तुम्हाला कुठल्याही बंदरावर ऐकायला मिळेल (ट्रॉलर म्हणजे तळाशी जाळं ओढणारी मोठी यांत्रिक बोट), मावसभावालाही लहान होडीवाल्यांनी हेच सांगितलं, आणि ते खोटं नाहीये. बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी, पिल्लं उचलणं, रात्री एलईडी लाईट लावून मासा गोळा करणं (त्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आहे, तरी तक्रारी चालूच असतात), यांनी समुद्राची वाट लावली हे खरंच आहे. हवामान बदलाचं नाव पुढे करून हे झाकायची ज्याला सोय पाहिजे त्याला ती देऊ नये, असं माझंही मत.

पण मग अलास्काचा खेकडा बघा. बेरिंग समुद्रातला स्नो क्रॅब, तिथलं मॅनेजमेंट जगात नावाजलेलं, मोजूनमापून खेकडे काढायचे. २०१८-१९ मध्ये तिथे समुद्री उष्णतेची लाट आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सुमारे १,००० कोटी खेकडे नाहीसे झाले. गरम पाण्यात खेकड्याची भूक वाढली, तेवढं खायला नव्हतं, उपासमारीने मेले, असा २०२३ च्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. २०२२ मध्ये तिथला हंगाम इतिहासात पहिल्यांदा रद्द करावा लागला. इथे कुठल्या ट्रॉलरवर बोट दाखवणार?

दोन्ही खरं धरलं की चित्र स्पष्ट होतं. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या माणसाला डेंग्यू झाला तर तो जास्त लोळवतो. झिरप्याच्या आत पकडलेला साठा उष्णतेच्या लाटेतून सावरायची शक्यता जास्त, ओरबाडलेला साठा त्याच लाटेत बसतो. म्हणजे हवामान बदललं म्हणून जुने नियम सोडायचे नाहीत, उलट जाळ्याचा आस आणि पिल्लांचा आकार आणखी कडक पाळायला लागणार, आणि वर नवे नियम आणायला लागणार.

बंदीची तारीख माशाला कुणी कळवली?

आपल्याकडे राणी मासा म्हणतात, गुलाबीसर, दिसायला छान. चेन्नईजवळच्या राणीच्या दोन जातींवर सीएमएफआरआयच्या शास्त्रज्ञांनी बऱ्याच वर्षांच्या नोंदी तपासल्या. पूर्वी त्यांच्यातल्या बऱ्याच जणी एप्रिल ते सप्टेंबर या गरम महिन्यांतही अंडी घालायच्या, हळूहळू ते प्रमाण कमी होत ऑक्टोबर ते मार्च या त्यातल्या त्यात गार महिन्यांत वाढलं. पाणी तापलं, तिने वेळ बदलली, हुशार म्हणायची.

आता पूर्व किनाऱ्यावरची बंदी कधी असते? १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे ज्या काळात तिला वाचवायला बंदी केली त्या काळात तिची फारशी लगबग उरलीच नाही, आणि ती अंडी घालते तेव्हा बोटी समुद्रात आहेत. एका माशावरून सगळी बंदी बदला असं नाही, कारण बंदी शेकडो जातींसाठी एकदम असते आणि दुसऱ्या एखाद्या माशाला तीच तारीख बरोबर बसत असेल. पण दरवर्षी कुणीतरी हे तपासायला पाहिजे ना. आपण रोहिणीत पेरायचं की मृगात ते आता पाऊस बघून ठरवतो, आजोबांच्या पंचांगावर सोडून देत नाही.

केळीच्या विम्यातला ट्रिगर

मग करायचं काय, तर याचं उत्तर जळगावच्या केळीवाल्याला आधीच माहीत आहे असं मला वाटतं. आपल्याकडे फळपिकाचा हवामानावर आधारित विमा असतो. त्यात नुकसान बघायला कुणी बागेत येत नाही, सलग इतके दिवस पारा इतक्या अंशाच्या खाली किंवा वर गेला की ट्रिगर लागला, भरपाई मिळणार. म्हणजे नियमातच हवामान घातलेलं आहे.

मासेमारीत हेच करायचं, पाणी अमुक अंशावर गेलं की पकडायची मर्यादा आपोआप खाली. हे नुसतं बोलणं नाही, कॅलिफोर्नियाकडच्या सार्डिनसाठी, म्हणजे तारलीच्या लांबच्या बहिणीसाठी, अमेरिकेने असा नियम कधीचा केलाय, पाणी उबदार असेल तर थोडं जास्त पकडा, गार असेल तर कमी, कारण त्या माशाला उबदार पाणी मानवतं. फक्त झालं असं की आधी ज्या एका धक्क्यावरच्या थर्मामीटरवर हा नियम बांधला होता त्याचा आणि माशांच्या पिल्लावळीचा मेळ पुढे बसेना, मग ते सोडून खुल्या समुद्रातल्या मोजणीवर नियम नव्याने बसवला. हे वाचून मी जोरात हसलो. आमच्या बागेत थंडीने पानं पिवळी पडली होती त्या वर्षी विम्याच्या माणसाने सांगितलं, तुमच्या मंडळाच्या स्टेशनवर तेवढं तापमान उतरलंच नाही. स्टेशन कुठे, बाग कुठे! तर ट्रिगरची आयडिया चांगली पण थर्मामीटर कुठे लावलाय त्यावर सगळं. आणि नियम असूनही त्या सार्डिनची मुख्य मासेमारी २०१५ पासून बंदच करावी लागली, तेव्हा ट्रिगर म्हणजे जादूची कांडी नाही हेही लिहून ठेवतो.

दुसरा मार्ग हलत्या बांधाचा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर एका जातीचा ट्यूना जपायला बंदीचा पट्टा नकाशावर कायमचा आखलेला नाही, पाण्याचं तापमान बघून हंगामात तो पट्टा वरखाली सरकवतात, मासा सरकला की रेषा सरकते. आपल्याकडे हे जमेल का? यंत्रणा तर आहे. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासा कुठे असण्याची शक्यता आहे ते मच्छीमारांना कळवतं, समुद्री उष्णतेच्या लाटेचा इशाराही देतं. आतापर्यंत ती माहिती मुख्यतः मासा सापडावा म्हणून वापरली जाते, मासा सोडावा कुठे यासाठी वापरायला हरकत नसावी. पण दिवसभर डिझेल जाळून गेलेल्या माणसाला मोबाईलवर 'आज इथे जाळं टाकू नका' असा मेसेज आला तर तो ऐकेल का, हा प्रश्न सॅटेलाइटने सुटत नाही. त्या दिवसाचे पैसे कोण देणार ते आधी ठरवावं लागेल.

"मग तळ्यात वाढवा ना मासे"

वाढवतातच, आणि उकाईच्या फुगवट्यावर आपल्या नवापूरकडचे लोक मासेमारी करून पोटही भरतात, रोहू-कटला घेतात, चांगलंच आहे. पण खाऱ्या पाण्यातली कोळंबी, सामन असे मांस खाणारे मासे वाढवायचे तर त्यांना खाद्यात फिशमील लागतं, म्हणजे वाळवून दळलेले छोटे मासे, आणि ते येतात समुद्रातूनच. कोंबडीच्या खाद्यातही ते वापरतात. जगात याचा मोठा पुरवठादार पेरू, तिथला अँचोवेटा नावाचा छोटा मासा. २०२३ मध्ये एल निनोमुळे पाणी तापलं, जाळ्यात पिल्लंच जास्त यायला लागली, तेव्हा पेरूने त्या वर्षीचा मुख्य समुद्रातला पहिला हंगामच रद्द केला. म्हणजे समुद्राला पर्याय म्हणून तळं धरलं तर तळ्याचा चारापण समुद्रातच उगवतो.

आपण समुद्रापासून एवढे लांब, आपल्याला काय

तापी मुलताईहून निघते, आपल्या भुसावळ-अमळनेर-शिरपूर पट्ट्यातून जाते आणि सुरतजवळ खंभातच्या आखाताला मिळते. बोंबील तिथलाच, खंभात ते मुंबई या पट्ट्यातला. म्हणजे आपलं पाणी तिकडे जातं आणि बोंबील इकडे येतो, असा जुना व्यवहार आहे.

आणि सुक्या मच्छीला मासा मिळून भागत नाही, वर ऊन लागतं. पावसाळा संपला की किनाऱ्यावर बांबू उभे करून दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतात, त्याला सलग काही दिवस कडक ऊन लागतं. आता आयआयटीएमच्याच शास्त्रज्ञांनी मांडलेला हिशोब असा की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात त्याच्या आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. २०१९ मध्ये तर पाच वादळं झाली, क्यार आणि महा ही दोन तर एकाच वेळी समुद्रात फिरत होती. इशारा आला की बोटी बंदरात, समुद्रावरचे दिवस वाया, आणि पाऊस आला की दोरीवरचा माल काळा पडून सडतो, त्याची भरपाई कुठल्या ट्रिगरवर मिळते ते मला सापडलं नाही. त्या २०१९ साली महाराष्ट्राची समुद्री मासळी सुमारे २ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक.

मागच्या बाजारात पुन्हा मावशीकडे गेलो. एक बोंबील उचलून वाकवला, तो वाकतच गेला, मोडेना. मी मावशीकडे बघितलं. म्हणाली, "जरासा वल्ला शेतस भाऊ, तथा पानी पडनं." भाव मात्र सुकलेल्याचाच. घासाघीस करून अर्धा किलो घेतले, घरी येऊन गच्चीवर जुन्या चादरीवर पसरले, वर कावळ्यांसाठी जाळी टाकली. आपलं ऊन ते, त्याला काय कमी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कडकन मोडला.